पहिली उचल

४ फेब्रुवारी

लाडक्या भाचीस, मामाचे आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बस वाटेत बंद पडली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकमेकांवर खापर फोडत बसले आणि मी रस्त्याच्या कडेला बसून तुझ्या सासूबाईंनी दिलेला डबा संपवला. वखारीचं फाटक उघडलं तर सगळी कुत्री साखळी ताणून उभी, पण एकाच्या तोंडून आवाज नाही. शेजारचा सुतार पुन्हा तेच म्हणाला, ‘अहो, तुमची कुत्री मुकी आहेत का?’ मुकी नाहीत बाबा, शहाणी आहेत. भुंकण्यात दम घालवत नाहीत.

तुझी जुळी बघून जीव गार झाला. तुझा नवरा खाणीतून आला तेव्हा दगडाच्या धुळीने पांढराफटक झाला होता, तरी आधी कोपरापर्यंत हात धुऊन मगच पाळण्याजवळ गेला. हे मी बघून ठेवलं. तुझ्यासाठी माणूस निवडताना माझी नजर चुकली नव्हती.

आता इकडची बातमी. आपली म्हातारी भुरी कुत्री गेली. भुशात तोंड खुपसून निजली ती उठलीच नाही. लहानपणी तू तिच्याच आजीच्या पोटाशी झोपायचीस. आता त्या घराण्यातली धाकटी भुरी तेवढी उरली आहे आणि तिची जोड कुणाशी लावायची हा प्रश्न आहे. खाटीक मागे लागलाय, माझ्या काळूशी लावा म्हणून. सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी काळू. पण मला विचारशील तर झुंजीत काळूचं घराणं पहिल्या झटक्याचं. आत शिरतात, धरतात, समोरचा कच्चा असला की खेळ तिथेच आटपतो आणि लोक टाळ्या पिटतात. समोरचा टिकला तर पुढे काय होतं, ते कुणी बघितलेलंच नाही. भुरीचं घराणं याच्या उलट. सुरुवातीला मार खातं, बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण रिंगणातल्या फक्कीच्या रेघेपाशी आणून सोडलं, की जिवात जीव असेपर्यंत रेघ ओलांडून समोरच्याकडे जातं. जबडा काय, कुठेही मिळेल. हे मिळत नाही.

तुझं काय मत? एवढीशी होतीस तेव्हापासून पिल्लांच्या बाबतीत तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

आणि सहज विचारतो. पाजताना दोघांपैकी एकाला बाजूला सारलं तर कोण काय करतं? बघून कळव.

तुझा मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

पत्र आलं तेव्हा एक खांद्यावर आणि एक मांडीवर होतं, त्यामुळे सासूबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘जबडा कुठेही मिळेल’ वर त्या अडखळल्या. म्हणाल्या, ‘तुझ्या मामांचं सगळंच वेगळं.’ पण त्या अजून तुमचे गोडवे गातायत बरं का. ‘किती जीव माणसाचा! पाळण्याकडे पाठ करून, डोळे मिटून अख्खी दुपार बसले होते. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून असेल.’ मी तोंड फिरवून हसले. भुशात पिल्लांकडे पाठ करून बसलेले मामा मी जन्मभर बघितलेत. पिल्लू डोळ्यांनी बघितलं की माणूस रंगाला भुलतो, म्हणून ते कानांनी बघायचं. कोण ढकललं गेलं, कोण कुरकुरलं, कोण आवाज न करता पुन्हा आचळाशी आलं. माझ्या पोरांचाही निकाल लावलात की काय? लावला असेल तर कळवा, शाळेत घालताना मास्तरांना सांगता येईल.

काळूबद्दल म्हणाल, तर त्याच्या भावांचं काय झालं ते खाटकाला विचारा. घराणं जिंकलेल्यावरून जोखायचं नाही, हरलेल्यावरून जोखायचं, हे तुमचंच. ते दोघे हरले ते कसे? समोरच्याकडे तोंड करून, की पाठ फिरवून? आणि आईची बाजू कुठे आहे? खाटीक बापाचं नाव घेत गावभर फिरतो, आईचं विचारलं की त्याला एकदम कामं आठवतात. तरी जोड लावायचीच असेल तर लावा. भुरीकडून दम येईल, काळूकडून वेग. नशीब चांगलं असेल तर दोन्ही एकाच पिल्लात उतरेल.

तुमच्या सहज प्रश्नाचं सहज उत्तर. मुलाला आम्ही ढब्बू म्हणतो, कारण तो आहेच. त्याला बाजूला सारलं की खाणीतल्या भोंग्याच्या वरताण ओरडतो. मुलगी पिटुकली. जन्मली तेव्हा दाईने तिला एका तळहातावर घेतलं होतं. ती रडत नाही. तोंड इकडेतिकडे फिरवते, सापडेपर्यंत फिरवत राहते आणि परत येऊन लागते. सापडलं की एवढ्याशा मुठीने असं धरते, की मलाच म्हणावं लागतं, सोड गं बाई.

तब्येत सांभाळा. भुशाने खोकला वाढतो, तोंडाला फडकं बांधत जा.

तुमची भाची

२ मार्च

लाडक्या भाचीस,

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. ‘सापडेपर्यंत फिरवत राहते.’ मला त्या दुपारी ऐकू आलं होतं, पण म्हातारे कान, खात्री नव्हती. आता झाली.

लोक वजनाला भुलतात. जड पिल्लू दिसलं की डोळे चमकतात. अरे, जड पिल्लू जड असतं कारण त्याला कुणी ढकललेलं नसतं! त्याचा कस लागायचाच असतो. जे बारकं पिल्लू रोज ढकललं जातं आणि रोज परत येतं, त्याची परीक्षा घ्यायची गरज नाही. मी तरीही घेतो म्हणा. थंड फरशीवर ठेवतो. काही उबेकडे सरकतात, काही भावंडांकडे. आणि एखादंच असतं, जे कुठेच न जाता मान वर करून बसतं आणि आपण कुठे आलो ते बघतं. माझ्या हयातीत मी अशी मोजकीच बघितली.

खाटकाच्या काळूशी जोड लावून टाकली. त्याच्या भावांपैकी एक पाठ दाखवून हरला होता असं कळलं, तरी लावली. भुरीची बाजू भक्कम आहे, ती पेलेल. रिवाजाप्रमाणे नर ज्याने दिला त्याची पहिली उचल. पिल्लांतलं त्याला हवं ते एक खाटीक आधी नेईल, मग बाकीची माझी. यात कागद लागत नाही. ज्याने जोड जुळवून आणली त्याचा पहिला हक्क, हे आपल्या धंद्यातला कुणीही मान्य करेल.

तुझीही जोड मीच जुळवली होती. खाणीत दरड कोसळली तेव्हा मी तिथे लाकूड पोचवायला आलो होतो. तुझ्या नवऱ्याचा एक हात मोडून लोंबत होता आणि दुसऱ्या हाताने तो दगड उपसत होता. मुकादम ओरडून मागे बोलावत होता. तो मागे वळून बघायलाही तयार नव्हता. मी तिथेच ठरवलं. तुझी बाजू मला माहीतच होती.

वखारीवरची खोली रंगवून घेतली. खिडकीला जाळी बसवली, जिन्याला कठडा केला. सुताराने पाळणा केलाय, बेताचा. खोलीत एकच मावतो.

तुझा मामा

२० मार्च

ती. मामांना नमस्कार.

पत्र वाचून मी आधी हसले. नवऱ्याला म्हटलं, ‘बघ, मामा आता आपल्या पोरांतलं एक उचलून नेणार म्हणे, रिवाजाप्रमाणे.’ मला वाटलं तोही हसेल. तो नाही हसला. म्हणाला, ‘लग्न ठरलं तेव्हा मामांनी मला विचारलं होतं. जोड मी लावतोय, मुलं झाली तर पहिली उचल माझी, कबूल? मी थट्टा समजलो. हातावर हात मारला आणि कबूल म्हटलं.’

मी म्हटलं, ‘मग ती थट्टाच होती.’ तो जेवत राहिला. हात धुताना म्हणाला, ‘शब्द तर दिलाय.’

मामा, मी तुमच्या हाताखाली वाढले आहे. तुम्ही सरळ चेहऱ्याने किती थापा मारता ते मला माहीत आहे. सुताराला तुम्ही वर्षभर पटवून ठेवलं होतंत की भुरी मनातलं ओळखते, आणि तो बिचारा तिच्यासमोर खाटकाला शिव्या द्यायचा नाही. ही तसलीच थट्टा असेल तर उलट टपाली तसं लिहा. मी नवऱ्याच्या नाकासमोर ते पत्र धरते आणि विषय संपवते.

ही दोन्ही माझी आहेत. दोन्ही माझ्याजवळच वाढणार. हे मी आत्ताच लिहून ठेवते.

तुमची भाची

९ एप्रिल

लाडक्या भाचीस,

थट्टा कसली? तू घाबरलीस, ते साहजिक आहे. भुरीसुद्धा घाबरते. पण तू विचार कर. दोघांचं करताना तू अर्धी झाली असशील. मला मूलबाळ नाही. वखार आहे, माणसं आहेत, आणि नजर आहे, जी मला कुणाच्या तरी हाती सोपवायची आहे. ती ज्याच्या त्याच्या हाती देता येत नाही. पिटुकली इथे काही कमी पडू न देता वाढेल. तू वाढलीस तशी.

तुला वाटत असेल, माणसाचं आणि कुत्र्याचं एकच कसं. मी उलट विचारतो, वेगळं कुठे आहे ते दाखव. आईकडून दम येतो, बापाकडून अंग येतं, आणि जे परत परत येतं ते रक्तात असतं. मी आयुष्यभर हेच बघत आलो आणि तुझ्या बाबतीतही हेच बघितलं. तुझ्या आईलाही दोनच झाल्या होत्या. दोन्ही मुली. तुझ्या बापाचं स्थळ मीच आणलं होतं, तेव्हा पहिली उचल माझी. माझी बहीण रडली, भांडली, पण शब्दाला जागली. मी तुला उचललं.

ओळखीतले दोघे त्या बाजूला येणार आहेत. जाता जाता डोकावतील. त्यांना पाणी वगैरे दे. जाणकार माणसं आहेत.

तुझा मामा

२ मे

मामा,

तुमची जाणकार माणसं येऊन गेली. भरदुपारी आली. एकाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. पायरीवर बसून पाणी प्यायली, गोड बोलली. सासूबाईंनी कौतुकाने पोरं आणून सतरंजीवर ठेवली. मी दारात उभी होते. बोटं नसलेल्याने ढब्बूचा दंड चाचपला आणि ‘छान, छान’ म्हणाला, आपण भाजी घेताना म्हणतो तसं. दुसरा त्यांच्याकडे पाठ करून बसला. मामा, त्याने डोळे मिटले.

माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर. खाणीकडून दगड फोडण्याचा आवाज येत होता तो तेवढ्यात थांबला. त्या माणसाची मान एका बाजूला कलली, आणि तो हसला. मला तुमचीच आठवण झाली, कारण तुम्हीही असेच हसता. जाताना म्हणाला, ‘भुरीचं रक्त लपत नाही.’ तुम्ही आम्हाला काय म्हणून सांगितलंय लोकांना?

आणि मला बहीण होती? हे तुम्ही पत्राच्या मध्येच, वखारीच्या भाड्याबद्दल लिहावं तसं लिहून मोकळे झालात? आई तापाने गेली म्हणून मामांनी मला सांभाळलं, असं मी आजवर समजत होते. सगळ्यांना तसंच सांगत आले. सासूबाई तर तुमच्या त्या उपकाराची गोष्ट शेजारणींना सांगतात. आई जिवंत असताना तुम्ही मला नेलंत. ती बहीण कुठे आहे? तिचं काय झालं?

घरात माझं कुणी ऐकत नाही. सासूबाई म्हणतात, ‘एक तिकडे वाढलं तर काय बिघडलं? नात्यातच तर आहे. तू वाळून चालली आहेस.’ नवरा म्हणतो, थट्टेत दिला तरी शब्द तो शब्द. तुम्ही त्याला पारखून आणलंत हे खरं. तो मागे वळत नाही.

पण मीही वळत नाही. तुम्हाला एकही मूल मिळणार नाही.

१० जुलै

लाडक्या भाचीस,

तू चिडलीस की मायना, सही सगळं गाळतेस. आईवर गेलीस.

धाकट्या भुरीची पिल्लं झाली, वाढली, दूध सुटलं. खाटीक काल उचल करून गेला. सर्वांत जड पिल्लू घेऊन गेला, गाढव. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भुरी फाटकापर्यंत गेली, मग भुशात फिरून फिरून हुंगत राहिली. संध्याकाळी जेवली नाही. आज जेवली. सावरतात त्या. तुझी आईही सावरली होती.

तुझ्या बहिणीचं विचारलंस. ती तुझ्या आईजवळच राहिली. तिचं नाव वगैरे आता माझ्या लक्षात नाही. गोरी, गुटगुटीत होती, सगळ्यांना तीच आवडायची. पुढे साथ आली, त्यात दोघी एकाच आठवड्यात गेल्या. तू माझ्याकडे होतीस म्हणून वाचलीस. आता तूच सांग, माझी उचल चुकली का?

मी घाई करत नाही. तिला तुझं दूध पुरतं मिळू दे. पावसाळा सरला की येतो. तोवर तिच्याबद्दल लिहीत जा. पडली की काय करते? परकं माणूस आलं की कुठे बघते? ढब्बूबद्दलही लिही, त्याच्यावर माझा राग नाही.

तुझा मामा

३ ऑगस्ट

ती. मामांना नमस्कार.

राग शांत झाला. तुमचं म्हणणं मी डोक्यातून काढून टाकलेलं नाही, म्हणून खरं ते कळवते. नंतर तुमची फसगत नको.

तुम्ही ऐकलंत ते चूक ऐकलंत. पिटुकली तेव्हा अशक्त होती, म्हणून आवाज फुटत नव्हता. आता फुटलाय. भांडं पडलं की थरथरते आणि माझ्या मानेत तोंड लपवते. खाणीत सुरुंग उडाला की तासभर खाली उतरत नाही. तुम्ही म्हणता तशी फरशीवर ठेवून बघितली. मान वर करून बघणं राहिलं बाजूला, तोंड काळंनिळं होईपर्यंत रडली. शेजारणीच्या मांजरीला बघून उलटी फिरली आणि रांगत पलंगाखाली जाऊन बसली.

ढब्बूचं तर बोलूच नका. त्याचं खेळणं दुसऱ्या मुलाने ओढलं की हा सोडून देतो. सोडतो आणि माझ्याकडे येतो. एकदा नाही, दर वेळी. दोन्ही पोरं पाठ फिरवणारी निघाली, मामा. माझं काही म्हणणं नाही, माझी आहेत, मला गोड आहेत. पण तुमच्या कामाची नाहीत. वखारीवरची खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या. खाटकाच्या घरी नातू झालाय म्हणे, खाटीकही तुमच्याच धंद्यातला.

भुरीच्या उरलेल्या पिल्लांचं काय करताय ते कळवा.

तुमची भाची

१४ ऑगस्ट

लाडक्या भाचीस,

पत्र वाचलं आणि उठवेना. सुतार हाका मारून गेला, तरी मी पत्रच वाचत होतो. दोन्ही? एखादं बिघडतं, ते मी समजू शकतो. पण दोन्ही पाठ फिरवतात म्हणजे दोष पिल्लांत नाही, जोडीत आहे. म्हणजे माझ्या नजरेत आहे. एवढ्या वर्षांत मला कुणी असं तोंडावर पाडलं नव्हतं. तुला बोल लावत नाही. तू खरं लिहिलंस. दुसरी असती तर लपवलं असतं.

रिवाज तुला माहीत आहे. एक पाठ दाखवणारं निघालं तर ते बाजूला काढायचं. सगळं वेत तसं निघालं, तर त्यातलं एकही पिल्लू ठेवायचं नाही. ठेवलं की तो दोष पुढे जातो, आणि घराण्याचं नाव मातीला मिळतं. तुला त्या दिवशी मी सुताराच्या बायकोकडे खेळायला पाठवत असे. तू परत आलीस की विचारायचीस, पिल्लं कुठे गेली, आणि मी सांगायचो, लोकांनी नेली. मोठी झाल्यावर तुझं तुला कळलं असेलच. तू कधी विचारलं नाहीस, मला त्याचं कौतुक वाटायचं.

तर मीच येतो. पाऊस सरायची वाट बघत नाही, आता थांबण्यात अर्थ नाही. जावयांना यात पाडू नकोस, भला माणूस आहे. तुलाही काही करावं लागणार नाही. हे आईच्या डोळ्यांसमोर करायचं नसतं. तू थोडा वेळ सासूबाईंना घेऊन बाहेर जा. मी हे काम कधी दुसऱ्यावर टाकलेलं नाही, आणि दुखू देत नाही.

मग तू आणि मी निवांत बसू. तुझंही एकदा बघावं लागेल. तुला उचलताना माझं काही चुकलं होतं का, ते मला समजून घ्यायचं आहे.

कुत्र्यांना पाणी घालायचं सुताराला सांगितलं आहे.

तुझा मामा

१ सप्टेंबर

मामा,

पत्ता लिहीत नाही. शिक्क्यावरून शोधू नका, हे पत्र ज्याच्याकडे दिलंय तो ते तिसऱ्याच गावातून टाकणार आहे. तुम्ही आमच्या घरी जाऊन आला असाल. सासूबाईंनी चहा दिला असेल. त्यांना खरंच काही माहीत नाही, त्यांच्यावर ओरडू नका.

मी खोटं लिहिलं होतं. पोरं पाठ फिरवणारी नाहीत, दोन्ही नाहीत. ती कच्ची ठरली की तुम्ही नाद सोडाल, एवढाच विचार केला. तुमच्या हाताखाली वाढून मी अर्धाच रिवाज ध्यानात ठेवला. उरलेल्या अर्ध्याच्या वेळी मी सुताराच्या अंगणात खेळत असायची, ते तुम्हीच लिहिलंत. पिल्लं लोकांनी नेली, यावर मी मोठेपणीही विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला.

तुमचं पत्र नवऱ्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, ‘मामांना समजावून सांगू.’ समजावून! तो कामावर गेला. त्याला मी सोडलं असं नाही. पण ज्याच्याकडे तुम्हाला समजावून सांगण्याइतका वेळ आहे, त्याच्या भरवशावर मला थांबता येत नव्हतं.

ते पत्र आल्यापासून मी फाटकाकडे कान लावून होते. एका सकाळी सासूबाई नळावर गेल्या होत्या. पोरं आतल्या खोलीत सतरंजीवर शेजारी शेजारी बसली होती, डब्याचं झाकण एकमेकांना देत होती. आणि फाटक वाजलं. कुणीतरी खाकरलं, अगदी तुमच्यासारखं.

मला विचार केल्याचं काही आठवत नाही. मी आत धावले, उचललं, मागच्या दाराने निघाले. गल्ली ओलांडली, पिठाच्या गिरणीवरून वळले, पार मोठ्या रस्त्याला लागले. तिथे धाप लागली म्हणून थांबले आणि कुशीत बघितलं. कुशीत एकच होतं.

मी हाताला लागेल ते एक घेऊन धावले नव्हते, मामा. ती दोघं एकमेकांना चिकटून बसली होती, एका कवेत दोन्ही आली असती. रोज येतात. माझे हात एकाच्या अंगावरून पलीकडे गेले होते आणि दुसऱ्याला घेऊन आले होते. कुणाला, ते मी लिहीत नाही. न लिहिताही तुम्हाला कळेल. मला त्याचंच भय वाटतं.

मी परत गेले. फाटकाशी सिलिंडरवाला उभा होता, रिकामी टाकी मागत होता. आत सतरंजीवर दुसरं बाळ होतं तिथेच होतं. ते रडत नव्हतं. झाकण हातात धरून दाराकडे बघत होतं, आणि मी आत आले तेव्हा माझ्याकडे बघत राहिलं. मी त्याला उचललं, पोटाशी धरलं, खूप बोलले त्याच्याशी. तशीच दोघांना घेऊन निघाले ती आजपर्यंत चालतेच आहे. दोघांना सारखंच खाऊ घालते, सारखंच जवळ घेते, मोजून मापून घेते. ते बाळ अजून तसंच माझ्याकडे बघतं.

तुम्ही आता येऊ नका, मामा. उचल झाली.